राहून गेलेली एक ओळ

मित्रांनो, जुना लॅपटॉप म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे जे येतं तेच मी. उजव्या कोपऱ्यात चीर गेलेली काच, घासून पुसट झालेली अक्षरं आणि वायर जरा हलली की मान टाकणारी बॅटरी. आमच्या जातीची मंडळी आपली गोष्ट सांगताना आधी कारखान्याचं, मग मालकाच्या मायेचं आणि शेवटी अडगळीचं सांगतात. मीही तसंच सांगणार होतो. पण अडगळीचं मला फारसं दुःख नाही. मला लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती वगळली तर मागे सांगण्यासारखं काही उरत नाही.

कुठल्याशा दूरच्या कारखान्यात माझे सुटे भाग जोडले गेले. तिथलं मला काही आठवत नाही. पहिल्या मालकाने मला दोन वर्षं वापरून विकलं आणि मी धुळ्यात, देवपूरच्या एका दुकानात काचेमागे येऊन बसलो. तिथून मला अभिमन नावाच्या माणसाने नेलं. ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. हाताला ग्रीसचा वास होता म्हणून त्यांनी मला थेट हात लावला नाही. घरून आणलेल्या धुतलेल्या टॉवेलात गुंडाळलं आणि सायकलवर पोटाशी धरून नेलं. घरी त्यांची मुलगी सुलक्षणा वाट पाहत होती. तिला शिरपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता. तिने माझं झाकण दोन्ही हातांनी जपून उघडलं. तिच्यासाठी मी नवाच होतो.

चार वर्षं मी तिच्याबरोबर धुळे-शिरपूर बस केली. मांडीवर, पिशवीत, कधी ड्रायव्हरच्या मागच्या फळीवर. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी तिने रस्ट नावाची भाषा शिकायला घेतली. मित्रांनो, काही भाषा मशीनशी लांबून, दुभाष्यामार्फत बोलतात. ही भाषा मशीनच्या हाडांशी बोलते. जागा किती घेतलीस, कधी सोडलीस, कुणाच्या हाती दिलीस, सगळ्याचा जाब विचारते. रस्ट म्हणजे गंज, हे कळल्यावर अभिमन हसत सुटले. म्हणाले, "आम्ही जिंदगीभर गंज काढा, आनी पोर गंज शिकी राह्यनी!"

सुलक्षणाला त्या भाषेतली एक गोष्ट फार आवडली. तिला लेझी आयटरेटर म्हणतात, म्हणजे आळशी साखळी. तिची आई भिकुबाई लग्नाकार्यात खापरावरचे मांडे करून द्यायची. सुलक्षणा तिलाच ते समजावून सांगायची. "आई, तू शंभर मांडे आधी करून ढीग लावतेस का?"

"वाळून पापड होतील त्यांचे," भिकुबाई म्हणायची. "पंगतीतून हाक आली की एक हातावर घ्यायचा, खापरावर टाकायचा, घडी घालून द्यायचा."

"तेच माझा कोड करतो. कुणी मागितलं तरच शेवटची कडी तिच्या आधीच्या कडीकडे मागते, ती तिच्या आधीच्या कडीकडे. एकेक माल येतो, एकेक पुढे जातो. ढीग लागत नाही, जागा अडत नाही."

"आणि कुणी मागितलंच नाही तर?"

"तर काहीच होत नाही. चूल पेटतसुद्धा नाही."

तिने हे हसत सांगितलं होतं. मीही तेव्हा ते फार मनावर घेतलं नाही.

शिक्षण संपल्यावर तिला धुळ्यातच नोकरी मिळाली. आग्रा रोडवर एका टायरच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. तिथे प्रेमराजभाऊ नावाच्या माणसाने छोटी कंपनी काढली होती. तिचाच कॉलेजातला सोबती नवल तिथे आधीपासून होता. तो पाचोऱ्याचा. त्याची आई कोकिळाबाई तिथे पिठाची गिरणी चालवायची. शनिवारी घरी गेला की सोमवारी तो सगळ्यांसाठी शेव आणायचा. कमी बोलायचा आणि बारकाईने वाचायचा.

त्या कंपनीचं काम जिनिंगसाठी, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांसाठी होतं. शेतातून आलेला कापूस जिनिंगच्या आवारात घराएवढ्या उंचीच्या ढिगांत पडलेला असतो. त्यात ओल राहिली तर ढीग आतून तापतो. बाहेरून पांढराशुभ्र, आणि पोटात विस्तव. म्हणून प्रेमराजभाऊंनी लांब लोखंडी सळया बनवून घेतल्या. सळईच्या टोकाला उष्णता मोजणारी तार. ती सळई ढिगात खुपसायची, तिची वायर भिंतीवरच्या छोट्या खोक्यात. खोक्यात दर सेकंदाला एक आकडा येतो. आकडा चढला की गेटजवळचा हिरवा दिवा लाल होतो आणि भोंगा वाजतो.

खोकं इवलंसं होतं. दिवसभराचे आकडे साठवायला त्यात जागा नव्हती, आणि आकडे तर संपतच नाहीत. तिथे आळशी साखळीच हवी. सुलक्षणाने त्यासाठी स्वतःच्या कड्या घडवल्या. त्यांना अ‍ॅडॅप्टर म्हणतात. एक कडी तार हलल्यामुळे आलेले खोटे आकडे गाळायची. दुसरी मागच्या पाच आकड्यांची सरासरी काढायची. तिसरी कडी, सरासरी हद्दीपलीकडे गेली की, भोंग्याला खूण करायची. प्रत्येक कडीच्या पोटात आधीची कडी बसवलेली.

ते घडवताना तिने तीन आठवडे माझी बटणं बडवली. कोड तपासणारा कंपायलर माझ्यातच राहतो. तो तिला लाल अक्षरांत सुनवायचा: ही वस्तू तू आधीच दुसऱ्याला देऊन टाकलीस, आता पुन्हा कशी वापरतेस? ती कपाळावर हात मारायची, उठून चहा करायची, परत बसायची. एका दुपारी लाल अक्षरं आलीच नाहीत. पाच आकडे गेले, एक सरासरी बाहेर आली. तिने माझ्या झाकणावर थाप मारली. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस.

नवलने तिचा कोड वाचला. सगळं वाचून झाल्यावर म्हणाला, "फार सुंदर झालंय. एकच. तयार मिळणाऱ्या कड्या नुसत्या जोडून सोडून दिल्या, कुणी ओढल्याच नाहीत, म्हणजे शेवटून कुणी आकडा मागितलाच नाही, तर कंपायलर पिवळी सूचना देतो. की बाबा, ही साखळी ओढल्याशिवाय काही करत नाही. आपण स्वतः घडवलेल्या कडीवर ती सूचना आपली आपण लिहावी लागते. तू लिहिलीयेस का?"

"टाकते," सुलक्षणा म्हणाली.

एका ओळीचं काम होतं. पण प्रेमराजभाऊ जिनिंगला निघायची घाई करत होते. तिने त्या जागी एक टिपण लिहिलं: 'इथे सूचना टाकायची आहे. नंतर.' आणि मला पिशवीत घातलं.

दोन हंगाम शिरपूरकडच्या त्या जिनिंगमध्ये काम उत्तम चाललं. पहिल्या दोन शेडचा कोड सुलक्षणाने स्वतः लिहिला होता आणि साखळी ओढायला ती विसरली नव्हती. एकदा भोंगा वाजला, मजुरांनी ढीग उपसला तर आतला कापूस भाजलेल्या शेंगेसारखा तांबूस झालेला. जिनिंगच्या मालकांनी पेढे पाठवले. कॉलेजने तिला व्याख्यानाला बोलावलं. मला मोठ्या पडद्याला जोडलं आणि तिच्या कड्या भिंतभर दिसल्या. टाळ्या पडल्या. मला वाटलं, त्यातल्या थोड्या माझ्याही आहेत. ते टिपण तिने भिंतीवर दिसू दिलं नाही, पटकन पान सरकवलं. ते मात्र माझ्या ध्यानात राहिलं.

तिसऱ्या हंगामात जिनिंगने तिसरी शेड बांधली. ते काम नवलकडे आलं. त्याने सुलक्षणाच्या कड्या घेतल्या, ओळीने जोडल्या आणि शेवटी साखळी ओढायची राहून गेली. माणूसच तो. कंपायलरने पिवळं अक्षरही दाखवलं नाही, कारण दाखवायची ओळ कुणी लिहिलीच नव्हती. तपासणीही पार पडली, कारण तपासणीतला कोड स्वतः आकडे मागून पाहतो. तिथे ओढणारा होता, शेडमध्ये नव्हता. सुलक्षणाने नवलचं काम पाहिलं आणि 'ठीक' म्हणून शेरा दिला. तिनेही शेवट पाहिला नाही. तिसऱ्या शेडचा दिवा हिरवा लागला आणि हिरवाच राहिला.

डिसेंबरातल्या एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, त्या शेडमधल्या ढिगाला आग लागली.

धुरपदाबाई नावाची एक मजूर बाई ढिगाच्या आडोशाला पाठ टेकून निजली होती. धूर आधी आतल्या आत फिरला आणि मग एकदम बाहेर आला. तिथला मुकादम नूर महंमद तीस वर्षं त्या कामात मुरलेला माणूस. तो धावला. ढिगाचा कडा कोसळून बाईच्या पायांवर आला होता. त्याने धुमसता कापूस दोन्ही हातांनी बाजूला केला आणि तिला ओढून काढलं. बाई वाचली. नूर महंमदचे हात कोपरापर्यंत भाजले.

फोन आला तेव्हा नवल होता तसा उठला आणि गेला. प्रेमराजभाऊ त्याच्या मागे गेले. ऑफिसात सुलक्षणा आणि मी उरलो.

तिने मला उघडलं. तिसऱ्या शेडचा कोड काढला. शेवटच्या ओळीवर तिची नजर थांबली. मग ती हळूहळू मागे गेली, आपल्या कड्यांपाशी, आणि ते टिपण तिला दिसलं: 'नंतर.' खाली टायरच्या दुकानात कुणीतरी हातोड्याने रिंग ठोकत होतं, आणि प्रत्येक ठोक्याला तिच्या पापण्या मिटत होत्या.

मित्रांनो, आता लाजेची गोष्ट. तिने ते टिपण पुसलं. त्या जागी सूचनेची ओळ लिहिली. इथवर ठीक होतं. पण कोडमधला प्रत्येक बदल कुणी, कोणत्या दिवशी केला याचा इतिहास आम्ही जपून ठेवतो. तिने नवी नोंद केली नाही. जुनीच नोंद उकलली, ती ओळ तिच्यात शिवली आणि तारीख दोन वर्षांपूर्वीची ठेवली. मग ऑफिसच्या सर्व्हरवरची आणि नवलच्या मशीनवरची प्रत बदलली. आता कुणीही पाहिलं असतं तर ओळ पहिल्या दिवसापासून तिथेच होती.

हे सगळं तिने मला करायला सांगितलं आणि मी ते केलं. कुरकुर केली नाही. पंखासुद्धा जोराने फिरवला नाही.

दोन दिवसांनी नवल परतला. त्याचा शर्ट धुरकटलेला होता, आणि ऑफिसातली प्रत्येक प्रत बदललेली होती. प्रेमराजभाऊंनी दोघांना समोर बसवलं आणि कोड उघडला.

"साखळी ओढलीच नाहीस तू, नवल."

"हो भाऊ. दिसलं मला. राहिलं," नवल म्हणाला. "पण पिवळी सूचना आली नव्हती. आली असती तर मी सोडली नसती."

प्रेमराजभाऊंनी पडदा त्याच्याकडे फिरवला. "ही बघ ओळ. ही बघ तारीख. दोन वर्षांपासून आहे. सूचना आली असणारच. तू पाहिली नाहीस."

"भाऊ, खरंच…"

"मशीन खोटं बोलत नाही, नवल."

मी टेबलावरच होतो. सुलक्षणाने माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे. नवलने मान खाली घातली. तिला वाटलं होतं तो भांडेल, शंका घेईल, जुनी प्रत शोधेल. त्याने यातलं काही केलं नाही. त्याने स्वतःवरच शंका घेतली.

त्यानंतर तो रोज संध्याकाळी धुळ्याच्या दवाखान्यात जाऊ लागला. नूर महंमदला घास भरवायला त्याची बायको जमीला होतीच, पण ती दुपारी घरी गेली की नवल बसायचा. फळं सोलून द्यायचा, पाठीमागची उशी सरळ करायचा. महिनाअखेर त्याने नोकरी सोडली. कुणी काढलं नाही. त्याचं तोच म्हणाला, माझ्या हातून आता एक ओळ लिहिली जात नाही.

जायच्या दिवशी तो सुलक्षणाच्या टेबलाशी आला. "एक काम करशील? मी लिहिलेला कोड तुझ्या मशीनवर एकदा चालव. ती सूचना कशी दिसते ते मला पाहायचंय. मला कशी दिसली नाही, तेच कळत नाहीये."

तिला नाही म्हणता आलं असतं. चार्जर नाही, वेळ नाही, काहीही. पण नाही म्हटलं तर त्याला संशय येईल, या भीतीने तिने बटण दाबलं. माझ्या पडद्यावर पिवळी सूचना उमटली. चांगली ठसठशीत. नवल वाकून ती वाचत राहिला, एकेक शब्द.

"एवढी मोठी," तो म्हणाला. "मी आंधळाच झालो होतो म्हणायचं." मग त्याने तिच्याकडे पाहून हसण्याचा प्रयत्न केला. "तुझी काही चूक नाही हं, सुलक्षणा. मी विचारलं होतं आणि तू टाकली होतीस."

तो जिना उतरून गेला. सुलक्षणा बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बसली. तिचं रडणं मला ऐकू आलं नाही, पाणी मात्र पुष्कळ वाहिलं.

त्यानंतर ती मला नीट उघडेना. दोन ओळी लिहायची, लिहिलेलं पुसायची. भिकुबाई विचारायची, "काय झालं गं, खात का नाहीस?" तर ती म्हणायची, काम आहे. तिच्या मनात एकच हिशेब चालायचा: साखळी ओढायला तोच विसरला, म्हणजे चूक त्याचीच, माझी ओळ असती तरी काय. हा हिशेब ती रोज मांडायची आणि तो रोज तिथेच मोडायचा, त्या पिवळ्या अक्षरांपाशी.

जानेवारीच्या शेवटी तिने दवाखान्यात जायचं धाडस केलं. मी खांद्यावरच्या पिशवीत होतो. नूर महंमद खाटेवर बसले होते. हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेले, मांडीवर दोन उशा ठेवाव्यात तसे. जमीलाचाचींनी तिला स्टूल दिलं.

"तू ती कड्या बनवणारी का, बेटा?" नूर महंमद म्हणाले. "नवल सांगायचा. म्हणायचा, तिचं काम सोन्यासारखं होतं, मीच मातीत घातलं."

सुलक्षणाने पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"मी त्याला सांगून थकलो," ते पुढे म्हणाले. "अरे पोरा, तीस वर्षं मी रोज सकाळी ढिगात हात घालून बघायचो. कोपरापर्यंत. कापूस गरम आहे की नाही ते हाताला कळतं. पण तुमचा दिवा लागला आणि मी ते सोडलं. आळस केला. दिवा हिरवा आहे ना, मग कशाला? म्हणजे गुन्हा माझाही आहे. अल्लाहने हातालाच शिक्षा दिली."

"असं काही बोलू नका हो," जमीलाचाची तोंड फिरवून म्हणाल्या.

सुलक्षणाने पिशवीचा बंद मुठीत आवळला. भाजलेला माणूस तिच्या चुकीतला वाटा आपल्या अंगावर घेत होता. नवलने घेतलाच होता. जिची चूक, ती एकटीच कोरडी बसली होती.

"चाचा," ती म्हणाली, "तुमचा गुन्हा नाही. नवलनेही सगळं खरं सांगितलेलं नाही, कारण त्याला ते माहीतच नाही." आणि मग तिने सांगितलं. अडखळत, मागेपुढे करत, पण शेवटपर्यंत. त्या ओळीचं, त्या टिपणाचं, बदललेल्या तारखेचं.

नूर महंमद आपल्या पट्ट्यांकडे बघू लागले. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "हे मला सांगून काय होणार? मी तर याच खाटेवर आहे. ज्याला घरी बसवलंस त्याला सांग." जमीलाचाचींनी तिला पाणी दिलं नाही. ती उठली तेव्हा कुणी थांबवलंही नाही.

तिथूनच तिने पाचोऱ्याची बस धरली.

नवलचं घर गिरणीच्या मागे होतं. तो ओट्यावर बसून कुणाचं तरी दळण चाळत होता. केसांवर पीठ. तिला पाहून तो उठला, आनंदला. "अगं, तू? फोन तरी करायचास."

"नवल, ती ओळ नव्हती," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "आग लागली त्या दिवशी मी टाकली. तारीख मागची घातली. तू विचारलं होतंस, मी टाकते म्हणाले आणि टाकली नाही."

त्याने हात पुढे केला. तिने मला पिशवीतून काढून त्याच्या हातात दिलं. मित्रांनो, इतिहासातून काढून टाकलेल्या प्रती आम्ही लगेच फेकत नाही. माझ्या पोटात ती जुनी प्रत होती. नवलने ती शोधून काढली. पिठाची बोटं माझ्या बटणांवर उमटत गेली. टिपण समोर आलं. त्याने ते वाचलं. मग त्याने आपला कोड त्या जुन्या प्रतीवर चालवला. पडदा स्वच्छ राहिला. पिवळं अक्षर एकही नाही.

"नव्हती," तो स्वतःशीच म्हणाला. मग मान वर करून: "चूक झाली, तारीख बदललीस, घाबरली असशील. ते मी समजून घेईन कधीतरी. पण त्या दिवशी मी तुझ्या शेजारी वाकून बघत होतो, सुलक्षणा. आणि तू मला दाखवलंस."

तिने क्षमा मागितली नाही. मागायला तोंड हवं.

"आत आई आहे," नवल म्हणाला. "मी आलो तेव्हापासून तिने मला एक प्रश्न विचारला नाही. गल्लीत सगळे म्हणतात, याच्यामुळे माणूस भाजला. ती ऐकून घेते आणि दळण घालते. तिला सांग. मी नाही सांगणार. तू सांग."

गिरणीचा पट्टा बंद करून कोकिळाबाई बाहेर आल्या. सुलक्षणाने सांगितलं. कोड, कडी, सूचना यातलं त्यांना काही कळणार नव्हतं, म्हणून तिने साधं करून सांगितलं. म्हणाली, "काकू, एक काम तो विसरला. विसरलास म्हणून त्याला हटकणारी पाटी मी लावायची होती. मी लावली नाही. आणि नंतर खोटं सांगितलं की पाटी होतीच. चूक दोघांची. खोटं माझं एकटीचं."

कोकिळाबाईंनी पदराने हात पुसले. दोनदा पुसले. "म्हंजे मना पोऱ्या खोटं बोलना नव्हता? पाटी नव्हतीच?"

"नव्हती."

त्या ओट्याच्या कडेला गेल्या आणि समोरच्या घराकडे तोंड करून हाक मारली. "पुष्पाबाई! आठे ये व माय. हाई पोर काय सांगस ते आयक."

पुष्पाबाई हातातलं सूप घेऊनच आली. कोकिळाबाई सुलक्षणाकडे वळल्या. आवाज चढला नाही. "आते परत सांग. बठ्ठं सांग."

सुलक्षणाने परत सगळं सांगितलं. तिची मान वर होत नव्हती. पुष्पाबाईने तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. कोकिळाबाई पुढच्या दाराकडे चालू लागल्या. सुलक्षणा त्यांच्या मागे गेली. ताईबाईच्या दारात तिने तिसऱ्यांदा सांगितलं. पुढच्या दारात चौथ्यांदा, पाटावर बसून विडी ओढणाऱ्या तोताराम आबांना. आबांना कमी ऐकू येत होतं. तिला मोठ्याने सांगावं लागलं, "खोटं मी बोलले, आबा. नवल नाही." गल्लीतली पोरं खेळ थांबवून ऐकत होती. मी नवलच्या मांडीवर उघडा होतो आणि प्रत्येक दारातला तिचा आवाज मला येत होता. पहिल्या दारात तो फाटका होता. चौथ्या दारात त्यात रडणं उरलं नव्हतं, नुसते शब्द होते.

पाचव्या दाराशी नवल उठला. "आई, पुरे."

कोकिळाबाई थांबल्या. मग त्या वळून आल्या, मुलासमोर उभ्या राहिल्या आणि पदराच्या टोकाने त्याच्या केसांवरचं पीठ झटकू लागल्या, जणू एवढंच काम राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुलक्षणाने प्रेमराजभाऊंना सगळं लिहून दिलं आणि जिनिंगच्या मालकांसमोरही ती स्वतः उभी राहिली. तिची नोकरी गेली. तिच्या कड्या अजून वापरात आहेत. त्यांच्यावर ती ओळ आहे, आणि तिची तारीख खरी आहे. नवल त्या कंपनीत परत गेला नाही. पाचोऱ्यातच मुलांना शिकवतो. सुलक्षणाशी तो बोलतो, पण पूर्वीसारखं नाही. नूर महंमदच्या डाव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. ते पुन्हा कामावर जातात आणि कोपरापर्यंत हात ढिगात घालून पाहतात.

माझी बॅटरी फुगली आहे. कधीतरी मला बाहेर ठेवतील. त्याआधी एवढंच मागणं आहे. मित्रांनो, तुम्ही जे काही घडवाल ते पुढे अशा कुणाच्या हातात जाईल, ज्याचं तोंड तुम्ही कधी पाहिलेलं नसेल. तो विसरेल, थकेल, घाईत असेल. त्याला सावध करणारी ओळ आजच लिहा. आणि ती राहिलीच, नुकसान झालंच, तर ते दुसऱ्याच्या नावावर एक दिवसही ठेवू नका. जितके दिवस ठेवाल तितकी दारं वाढतात.

आम्ही यंत्रं तुम्हाला अडवू शकत नाही. तारीख बदल म्हणालात तर बदलतो. लाज वाटायची ती मागाहून, आणि तीही सांगायला आम्हाला तुमचंच तोंड लागतं.